वेढ्याच्या आतून टिपलेले शहर

मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात ईशान्य युक्रेनमधल्या सुमी शहरातून काही चित्रफिती भारतात येऊन पोहोचल्या. वसतिगृहाच्या आवारात वैद्यकीय शिक्षण घेणारी भारतीय मुले-मुली बादल्यांत, पातेल्यांत बर्फ गोळा करत होती. रशियन फौजांनी शहर जवळजवळ कोंडले होते. बॉम्बहल्ल्यात वीज गेली आणि विजेपाठोपाठ नळाचे पाणीही गेले. तो बर्फ वितळवून प्यायचा होता. चित्रीकरण मोबाइलवर केलेले, हलते, कुठे अर्धवट तुटलेले. गाझियाबाद, फरिदाबाद, नागपूर, नाशिक अशा गावोगावच्या घरांत आई-वडील तीच दोन-तीन मिनिटे पुन्हा पुन्हा लावून पाहत होते. मुलगी हडकली आहे का, अंगावर पुरेसे कपडे आहेत का, मागे दिसणारी खिडकी शाबूत आहे का, हे सगळे त्यांना त्या चौकटीतूनच कळणार होते.

५ मार्चला याच विद्यार्थ्यांनी आणखी एक चित्रफीत पाठवली. आता थांबणे शक्य नाही, आम्ही पायीच सीमेकडे निघतो, काही बरेवाईट झाले तर जबाबदारी सरकारची, अशा आशयाची. ती देशभर फिरली, दूतावासाने मुलांना थांबायला सांगितले, आणि ८ मार्चला ६९४ विद्यार्थ्यांना बसमध्ये घालून पोल्टावाकडे नेण्यात आले. 'ऑपरेशन गंगा'तली वायुदलाची विमाने दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादच्या हिंडन तळावर उतरत होती. विमानतळावरची मिठी आणि पुष्पगुच्छ वाहिन्यांनी भरभरून दाखवले. बर्फाची बादली मात्र दोन दिवसांत बातम्यांतून गेली.

त्या बादलीचे मोल फार मोठे आहे, आणि दिल्लीसारख्या शहराला ते सगळ्यांत आधी कळायला हवे.

१८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली तेव्हा मिर्झा गालिब बल्लीमारानच्या परिसरात, गली कासिम जानमध्ये राहत होते. शेजारी पतियाळाच्या महाराजांच्या पदरी असलेले हकीम राहत असल्याने महाराजांचे शिपाई गल्लीच्या तोंडाशी पहाऱ्यावर होते, म्हणून ती गल्ली वाचली. रहिवाशांनी दरवाजा लावून आतून दगड रचले. बाहेर पडता येईना. घरातले पाणी संपले. मग एक दिवस पाऊस आला, लोकांनी चादर ताणून बांधली, खाली मडकी ठेवली आणि पावसाचे पाणी साठवले. गालिब यांनी फारसीत लिहिलेल्या 'दस्तंबू' या रोजनिशीत हा प्रसंग आहे. त्याच ऑक्टोबरात त्यांचे भाऊ मिर्झा युसूफ वारले. कफनाला कापड मिळेना, दुकाने बंद. कबर खणणारे कुठे गेले कुणाला ठाऊक नव्हते. घरातल्याच चादरी कफन म्हणून काढल्या आणि शेजाऱ्यांनी पतियाळाच्या एका शिपायाला सोबत घेऊन दफन उरकले.

चादरीत साठवलेला पाऊस आणि बादलीत भरलेला बर्फ यांच्यात सुमारे १६५ वर्षांचे अंतर आहे. शहर कोंडले गेले की माणसापुढे उभे राहणारे प्रश्न फारसे बदललेले नाहीत: पाणी कुठून, पीठ किती उरले, मेलेल्याला कुठे न्यायचे. या प्रश्नांची नोंद कोण ठेवतो आणि पुढे त्या नोंदीचे काय होते, हे मात्र काळागणिक बदलत गेले.

दिल्लीचा वेढा पाठ्यपुस्तकात लढाई म्हणून येतो. ११ मे १८५७ ला मेरठचे शिपाई शहरात शिरले. ८ जूनला बादली की सराय इथली लढाई जिंकून इंग्रजांनी उत्तरेची टेकडी, म्हणजे आजच्या दिल्ली विद्यापीठाशेजारची 'रिज', ताब्यात घेतली. १४ सप्टेंबरला काश्मिरी दरवाजा सुरुंगाने उडवून ते आत घुसले, आणि २१ तारखेला हुमायूनच्या कबरीपाशी बहादूरशाह जफर कैद झाले. या तीन-सव्वातीन महिन्यांत तटाच्या आत सुमारे दीड लाख माणसे जगत होती. पूर्वेचा आणि दक्षिणेचा रस्ता पुष्कळ काळ खुला असल्याने शहराची पुरती नाकेबंदी कधीच झाली नाही, तरी रोज तोफगोळे पडत होते, भाव चढत होते आणि हजारो बिनपगारी शिपाई गल्लीबोळांतून हिंडत होते.

या माणसांचा रोजचा दिवस कागदावर उतरला आणि तो आजही दिल्लीतच आहे. जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'म्यूटिनी पेपर्स' नावाने ओळखले जाणारे हजारो फारसी-उर्दू कागद आहेत. १९२१ साली त्यांची छापील यादी निघाली. नंतर बराच काळ ते जवळपास तसेच पडून राहिले, कारण शिकस्ता वळणाची ती घाईची लिपी वाचणारे कमी. विल्यम डॅलरिंपल यांनी २००६ च्या 'द लास्ट मुघल'साठी हे दप्तर वापरले आणि महमूद फारुकी यांनी २०१० साली त्यातल्या निवडक कागदांचे इंग्रजी भाषांतर 'बिसीज्ड' या पुस्तकात दिले. शिपायांनी दुकान लुटले म्हणून वाण्याची तक्रार. सैन्यासाठी खाटा, पोती, गाड्या, हमाल, भिस्ती पुरवा म्हणून कोतवालाला आलेले हुकूम, आणि माणसे मिळत नाहीत म्हणून ठाणेदारांनी पाठवलेली उत्तरे. कर्ज द्यायला नकार देणारे सावकार. बकरी ईदला, १ ऑगस्टला, गोवधावर बंदी घालणारा बादशहाचा हुकूम आणि तो पाळला जावा म्हणून पोलिसांची चाललेली धावपळ. शहर जिवंत होते, चिडत होते, घाबरत होते, भांडत होते. छायाचित्रकला तेव्हा अस्तित्वात होती, पण त्या शहराच्या आत उभा राहिलेला कॅमेरा आपल्यापाशी नाही. तटाच्या आतले दिवस या कागदांनी टिपले.

मौलवी मुहम्मद बाकर यांचे 'दिल्ली उर्दू अखबार'ही होतेच. ११ मे रोजी गलका ऐकून बाकर स्वतः रस्त्यावर उतरले आणि डोळ्यांनी पाहिलेले त्यांनी पुढच्या अंकात छापले. शहर पडल्यावर इंग्रजांनी त्यांना ठार केले.

कॅमेरा दिल्लीत आला तो सगळे संपल्यावर. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार फेब्रुवारी १८५८ मध्ये कोलकात्याला उतरला आणि पुढे लखनौ, कानपूर, दिल्ली असा फिरला. त्याच वर्षी डॉ. जॉन मरे यांनी आणि हॅरिएट व रॉबर्ट टायटलर या दांपत्यानेही दिल्लीची छायाचित्रे घेतली. हॅरिएट वेढ्याच्या काळात रिजवरच्या इंग्रज छावणीत होत्या. त्यांचे मूल तिथेच बैलगाडीत जन्मले. या छायाचित्रांत गोळ्यांनी चाळण झालेला काश्मिरी दरवाजा आहे, तट आहे, मशिदी आहेत. दिल्लीकर क्वचितच दिसतो, आणि दिसला तरी इमारतीची उंची कळावी म्हणून उभा केलेला. काचेवर प्रतिमा उमटायला वेळ लागे, हे एक कारण. दुसरे कारण असे की शहरात माणसेच नव्हती. इंग्रजांनी रहिवाशांना तटाबाहेर हाकलले होते. हिंदूंना काही महिन्यांनी परत येऊ दिले, मुसलमानांना त्याहून बऱ्याच उशिरा. लाल किल्ल्याभोवतालची वस्ती पाडून मैदान केले. जामा मशीद १८६२ पर्यंत नमाजासाठी उघडली नाही. आज ती जुनी छायाचित्रे पाहणाऱ्याला दिल्ली भव्य, शांत आणि ओस वाटते. ही ओस दिल्ली जिंकणाऱ्याने आधी तयार केली आणि मग तिचे चित्र काढले गेले.

लखनौच्या सिकंदर बागेत बेआतोने याहून पुढची पायरी गाठली. तिथली लढाई नोव्हेंबर १८५७ मधली आणि त्याचे छायाचित्र त्यानंतर काही महिन्यांनी घेतलेले. अंगणात विखुरलेली हाडे त्या छायाचित्रासाठी बाहेर काढून मांडली होती, असे सांगितले जाते. ते छायाचित्र जगभर छापले जाते. त्या अंगणात मेलेली माणसे कोण होती, त्यांच्या घरी काय चालले होते, याबद्दल त्यातून एक अक्षरही कळत नाही.

मराठी वाचकाला या जागी विष्णुभट गोडसे आठवायला हवेत. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसईचे हे भिक्षुक घरावरचे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेत गेले आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला घातलेल्या वेढ्यात अडकले. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये राणी लक्ष्मीबाई आहेत, तटावरची लढाई आहे, रात्री आकाशातून येणारे लाल गोळे आहेत. पण पुस्तक श्रेष्ठ ठरते ते गोडसे शहरातल्या घराच्या आतून पाहतात म्हणून. शहर पडल्यावर ते लपले, त्यांची कमाई लुटली गेली. लुटीलाही क्रम होता हे त्यांनी पाहिले: आधी सोने-चांदी आणि रोकड, मग भांडी, कापड, धान्य असे उतरत जाणारे. झाशीच्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला त्याचे दुःखही त्यांनी नोंदवले आहे. पोथ्यांवर जगणाऱ्या माणसालाच ते दिसले. हे सगळे त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिले. वैद्यांनी ते १९०७ साली बदल करून छापले आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाखाली १९६६ मध्ये आली. प्रत्यक्ष प्रसंगापासून मूळ शब्द वाचकाच्या हाती पडेपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली.

एक गोष्ट आपण सहसा काढत नाही, तीही इथे सांगायला हवी. ऑक्टोबर १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने याच दिल्लीला वेढा घातला होता आणि इंग्रज सेनाधिकारी ऑक्टरलोनीने तो परतवला. मराठी इतिहासात ही मोहीम तोफा, घोडदळ आणि डावपेच यांच्या अंगाने सांगितली जाते. त्या आठवड्यात चांदणी चौकातल्या घरांनी काय केले, हा प्रश्न आपल्या लेखनात उमटत नाही. वेढ्याच्या आतल्या माणसाबद्दलची आस्था आपल्याच फौजेपाशी येऊन थांबत असेल तर ती अपुरी आहे.

वेढ्याच्या आत चित्रपटाचा कॅमेरा पोहोचला तो विसाव्या शतकात. ज्युलियन ब्रायन हा अमेरिकन छायाचित्रकार ७ सप्टेंबर १९३९ ला वॉर्सात पोहोचला तेव्हा इतर परदेशी वार्ताहर शहर सोडून जात होते. महापौर स्तेफान स्ताझिन्स्की यांनी त्याला मोटार आणि दुभाष्या दिला. पुढचे दोन आठवडे ब्रायनने पावाच्या रांगा, तळघरात हलवलेले प्रसूतिगृह, शेतात बटाटे खणताना विमानातून गोळ्या घालून मारलेल्या बायका, बहिणीच्या प्रेतापाशी बसलेली मुलगी असे चित्रीकरण केले आणि फिल्म लपवून बाहेर आणली. त्यातून १९४० साली 'सीज' हा दहा मिनिटांचा अनुबोधपट झाला.

लेनिनग्राडची गोष्ट वेगळी आहे, आणि सरकारी चित्रीकरणाबद्दल बरेच शिकवणारी. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४ असे ८७२ दिवस ते शहर वेढ्यात होते. सोव्हिएत कॅमेरामन आत होते, त्यांनी खूप टिपले, आणि त्यातून १९४२ मध्ये झुंजणाऱ्या शहराचा गौरव करणारा चित्रपट निघाला. साठ वर्षांनी सर्गेई लोझ्नित्सा या दिग्दर्शकाने संग्रहातल्या त्याच काळातल्या चित्रीकरणातून 'ब्लॉकेड' रचला. निवेदन नाही, फक्त बनवून घेतलेले आवाज: बर्फातली पावले, घसरगाडीची कुरकुर. गोठलेल्या ट्राम उभ्या आहेत. रस्त्यावर फुटलेल्या नळातून लोक पाणी भरताहेत. घसरगाडीवर प्रेत बांधून कुणीतरी ओढत चालले आहे आणि येणारे-जाणारे वळूनही पाहत नाहीत. ते न वळणेच पाहणाऱ्याला सर्वांत जड जाते. प्रचारासाठी घेतलेल्या फिल्ममध्येही शहराचा साधा दिवस शिरून बसला होता, आणि जपून ठेवल्यामुळे तो एका पुढच्या पिढीच्या माणसाला काढता आला.

सारायेवोत हे काम रहिवाशांनी स्वतः हाती घेतले. १९९२ ते १९९६ या वेढ्यात तिथल्या 'सागा' या चित्रपट गटाने शहर सोडले नाही. १९९३-९४ च्या हिवाळ्यात एका रस्त्यावर राहणाऱ्या माणसांवर जेमतेम दोन-दोन मिनिटांचे लघुपट बनत आणि ते युरोपातल्या दूरचित्रवाणी वाहिन्यांवर दाखवले जात. कुणी सरपणासाठी फर्निचर तोडतो आहे, कुणी पाण्याच्या कॅनची गाडी ढकलतो आहे. लंडन-पॅरिसमधल्या प्रेक्षकाला रोज तीच माणसे भेटत, त्यामुळे ती त्याच्या ओळखीची होत. एका बॉम्बस्फोटाची बातमी जे करू शकत नाही ते या दोन मिनिटांनी केले. मृतांचा आकडा वाढला की मनाला बधिरता येते. ओळखीच्या माणसाने आज पाणी कुठून आणले, हे मात्र दुसऱ्या दिवशी जाणून घ्यावेसे वाटते. वेढा चालू असतानाच, १९९५ च्या शरदात, त्या शहराने चित्रपट महोत्सवही भरवला.

अलेप्पोत वअद अल-कतेब यांनी घर, रुग्णालय आणि तान्ही मुलगी यांचे चित्रीकरण करून 'फॉर समा' बनवला. मारियुपोलमध्ये म्स्तिस्लाव चेर्नोव्ह आणि त्यांचे सहकारी २४ फेब्रुवारी ते १५ मार्च २०२२ या काळात होते, आणि त्या चित्रीकरणातून झालेल्या '२० डेज इन मारियुपोल'ला २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले. त्यात एक डॉक्टर त्यांना हे सारे टिपा म्हणून सांगतात, तर रस्त्यावरचे काही लोक त्यांना शिव्या घालतात. दोघांचेही म्हणणे दिग्दर्शकाने ठेवले, हा त्याचा प्रामाणिकपणा. गाझात ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे जाऊ दिलेले नाही. तिथल्या २२ लघुपटांचा 'फ्रॉम ग्राउंड झिरो' हा संच रशीद मशारावी यांनी पुढाकार घेऊन जगापुढे आणला. फातिमा हस्सूना ही गाझातली छायाचित्रकार ज्या चित्रपटाचे केंद्र आहे तो कान महोत्सवातल्या एका विभागासाठी निवडला गेल्याची बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिल २०२५ ला, घरावर झालेल्या हल्ल्यात ती मारली गेली.

आता दिल्लीकडे परत यायचे, कारण आपल्या देशाचा युद्धाचा पडदा दिल्लीच्या शेजारी, नोएडाच्या फिल्म सिटीत रंगवला जातो.

मे २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात, त्या सेक्टर १६ए मधल्या स्टुडिओंतून दिवसरात्र भोंगे वाजत होते. रंगीत नकाशे, संगणकाने केलेले स्फोट, उभ्या-उभ्या ओरडणारे निवेदक. ८ मेच्या रात्री कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्यासारख्या खोट्या बातम्या अनेक वाहिन्यांनी दिल्या. शेवटी १० मे रोजी नागरी संरक्षणाच्या केंद्रीय महासंचालनालयाला वाहिन्यांना सांगावे लागले की हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज कार्यक्रमात वापरू नका, नाहीतर खरा भोंगा वाजेल तेव्हा लोक दुर्लक्ष करतील. ही सूचना काढावी लागणे ही पत्रकारितेच्या दृष्टीने शरमेची गोष्ट आहे.

त्याच दिवसांत जम्मू-काश्मीरमधल्या पूंछवर खरे तोफगोळे पडत होते. ७ मेच्या पहाटेपासून त्या जिल्ह्यात डझनभराहून अधिक नागरिक मारले गेले, त्यांत मुले होती. शहरातली कुटुंबे मिळेल त्या वाहनाने बाहेर पडली. काही स्थानिक पत्रकार आणि दिल्लीहून गेलेले मोजके वार्ताहर तिथून काम करत होते आणि त्यांच्या बातम्या जीव ओतून केलेल्या होत्या. पण नोएडाच्या पडद्यावर पूंछला मिळालेली जागा आणि कराचीच्या कल्पित आगीला मिळालेली जागा यांची तुलना करवत नाही. आपल्याच नागरिकांवर मारा होत असताना त्यांचे तळघर, त्यांचे स्वयंपाकघर, शाळेचे फुटलेले छत हे सारे दुय्यम ठरले.

२६ एप्रिलला माहिती व प्रसारण मंत्रालयाने संरक्षण कारवायांचे थेट प्रक्षेपण करू नये अशी सूचना काढली होती, आणि तिला आधार आहे. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात थेट प्रक्षेपणाचा फायदा हल्लेखोरांच्या सूत्रधारांना झाला, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. पण सैन्याच्या हालचाली न दाखवणे आणि नागरिकांचे जगणे न दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याची रांग दाखवल्याने कुणाच्या तोफेचा नेम सुधारतो, असे सरसकट मानण्याचे कारण नाही. रांग नेमकी कुठे आहे ते लपवता येते, चित्रण दोन दिवस उशिरा दाखवता येते. एवढी काळजी घेतली की वाहिन्यांनी सबब सांगू नये.

खरा धोका दुसरीकडे आहे, आणि तो दिल्लीच्याच दप्तरात लिहिलेला आहे. १८५७ चे ते कागद जपले का गेले? इंग्रजांनी ते पुरावा म्हणून गोळा केले होते. जानेवारी ते मार्च १८५८ या काळात लाल किल्ल्यात बहादूरशहांवर जो खटला चालला, त्यात बादशहाच्या दरबारातले हुकूम आणि अर्ज वाचून दाखवण्यात आले. झज्जरचे नवाब अब्दुर रहमान खान डिसेंबर १८५७ मध्ये फासावर गेले आणि बल्लभगढचे राजा नाहर सिंह ९ जानेवारी १८५८ ला. बादशहाशी झालेला पत्रव्यवहार त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. ही दोन्ही ठिकाणे आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात आणि बल्लभगढच्या मेट्रो स्थानकाला राजा नाहर सिंहांचेच नाव आहे. वेढ्यात लिहिलेला कागद शहर पडल्यावर लिहिणाऱ्याच्या गळ्याला फास होतो.

मोबाइलवरचे चित्रीकरण तर त्याहून धोकादायक. चेहरा ओळखणारी यंत्रे आहेत, चित्रफितीसोबत वेळ आणि ठिकाण नोंदले जाते. रुग्णालयात कोण मदत करत होते, कुणी कुणाला आसरा दिला, धान्य कुठून आले, हे सगळे शहर ताब्यात घेणाऱ्याला आयते मिळते. म्हणून वेढ्यातले चित्रीकरण करणाऱ्याला चेहरा टाळून माणूस दाखवण्याचे कौशल्य शिकवले गेले पाहिजे: हात, आवाज, पाठमोरी चाल, भांड्यांचा खडखडाट. जिचे मूल गेले आहे त्या आईसमोर कॅमेरा किती वेळ धरायचा, याचेही शिक्षण हवे. २०२१ च्या एप्रिलात दिल्लीतल्या स्मशानांच्या छायाचित्रांवरून हा वाद झालाच होता. ती छायाचित्रे घेणाऱ्यांत दानिश सिद्दीकी होते. जामिया मिलियाच्या जनसंवाद संशोधन केंद्रात शिकलेले सिद्दीकी त्याच वर्षी १६ जुलैला अफगाणिस्तानात स्पिन बोल्डकपाशी मारले गेले आणि भारतातल्या कोविडच्या छायाचित्रांसाठी २०२२ मध्ये त्यांना मरणोत्तर पुलित्झर मिळाले. मृतांच्या आकड्यांबद्दल शंका असण्याच्या त्या दिवसांत ती छायाचित्रे आवश्यक होती, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे. ज्या केंद्राने सिद्दीकींना घडवले तिथे वेढ्यातल्या आणि युद्धातल्या नागरिकांचे चित्रीकरण हा स्वतंत्र अभ्यासक्रम असणे योग्य ठरेल.

टिपून झाल्यावर जपणे हे दुसरे काम. समाजमाध्यमांवर टाकले म्हणजे जपले असे समजणे चूक आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेने हिंसक मजकूर म्हणून सीरियातल्या युद्धाच्या हजारो चित्रफिती काढून टाकल्या. त्यांत अत्याचारांचे पुरावे होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'सीरियन आर्काइव्ह'सारख्या संस्थांनी प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या म्हणून पुष्कळ काही वाचले. आपल्याकडे पुण्याच्या विधी महाविद्यालय रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. चित्रपटगृहात न गेलेली, मोबाइलवर घेतलेली, सामान्य माणसांची दृश्ये हाही देशाचा चित्रपट-वारसा आहे हे त्या संस्थेने मान्य करावे आणि दिल्लीच्या अभिलेखागाराच्या जोडीने एक विभाग उघडावा. प्रत्येक चित्रफितीसोबत तारीख, ठिकाण, बोलली जाणारी भाषा आणि घेणाऱ्याची लेखी संमती असावी. ज्याला भीती वाटते त्याची फीत ठरावीक वर्षे मोहोरबंद ठेवण्याची सोय असावी. खर्च फार नाही.

सुरुवात सुमीपासून करता येईल. तिथले विद्यार्थी आता डॉक्टर आहेत किंवा होण्याच्या वाटेवर आहेत. त्यांतले अनेक महाराष्ट्रात आणि दिल्लीच्या आसपास आहेत. ज्या फोनमध्ये ती दृश्ये आहेत ते फोन बदलले जाताहेत, जुने विकले जाताहेत. परराष्ट्र मंत्रालयाकडे नावांच्या याद्या आहेत. एक पत्र पाठवून मागणी केली तर पुष्कळ जण देतील.

म्यूटिनी पेपर्समधल्या निवडक अर्जांचा मराठी अनुवाद हे काम महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने घ्यावे. गोडसे वाचलेल्या वाचकाला त्या कागदांतली दिल्ली परकी वाटणार नाही.

आणि पूंछ. त्या शहराने मे २०२५ च्या आधीही वेढा सोसला आहे, नोव्हेंबर १९४७ पासून जवळजवळ वर्षभर. हजारो निर्वासित आत अडकले होते. ब्रिगेडियर प्रीतम सिंगांच्या तुकडीने आणि त्या निर्वासितांनी मिळून धावपट्टी तयार केली, आणि वायुदलाचे मेहर सिंग तिच्यावर डाकोटा विमान उतरवून धान्य-दारूगोळा पोहोचवू लागले. त्या काळी दहा-बारा वर्षांची असलेली, माती वाहिलेली मुले आज नव्वदीच्या घरात आहेत. दिल्लीहून एक कॅमेरा, एक पहाडी बोलणारा मुलाखतकार आणि काही आठवड्यांचा वेळ एवढ्यात त्यांचे बोलणे ध्वनिचित्रमुद्रित करता येईल. २०२५ मध्ये त्याच गावात तळघरात बसलेल्या त्यांच्या नातवंडांचेही त्याच फेरीत करता येईल. दूरदर्शनकडे माणसे आहेत, जामियाकडे विद्यार्थी आहेत, आणि फिल्म सिटीतल्या वाहिन्यांकडे एका रात्रीच्या भोंग्यांवर होतो त्याहून कमी खर्चात हे करण्याइतका पैसा आहे.